सोळा भागांचा तागा

दुपारी एकनंतर आमच्या प्रकाशा गावाची बाजारपेठ अशी निजते, की रिक्षावाल्याने हॉर्न दिला तर त्याची त्यालाच लाज वाटावी. त्या वेळी पानीबाई दुकानाचं शटर अर्धं खाली ओढायच्या, पांढऱ्या गादीवर मांडी घालायच्या, रुबियाच्या एका जाड ताग्याला मोबाइल टेकवायच्या आणि तो घसरू नये म्हणून कापड मोजायचा लोखंडी मीटर पुढ्यात आडवा ठेवायच्या. मग चष्मा पदराने पुसून मला म्हणायच्या, "चाल काजल, लांबकोट्याले उठाड."

लांबकोट्या म्हणजे त्यांच्या कोरियन सीरियलचा हिरो. त्याचं खरं नाव सीरियलमध्ये सारखं कुणी ना कुणी घेतच असतं, पण पानीबाई माणसं नावाने लक्षात ठेवत नाहीत, कपड्याने ठेवतात. गिऱ्हाइकांचंही तसंच. धानोऱ्याची एक बाई एकदा मोरपंखी काठाची साडी घेऊन गेली, ती जन्माची 'मोरपंखी' झाली, मग ती नंतर रोज पांढरं का नेसेना. तसा हा लांबकोट्या. कपाळभर केस सोडलेली हिरोईन ती झिपरी. आणि हिरोची श्रीमंत आई ती पाणीफेकी. तिने हे नाव कसं कमावलं ते सांगतेच.

दुकान छगनलाल शेठचं. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, पानीबाई तिकडच्याच पालीहून लग्न होऊन आल्या. दोघांचं आपसात मारवाडी, गिऱ्हाइकाशी अहिराणी, आणि आता मोबाइलमध्ये हिंदीत बोलणारे कोरियन. मुलगा अभिनंदन आणि सून रूपल सुरतला असतात. रूपलनेच एका दिवाळीत सासूला हे लावून दिलं, वेळ जाईल म्हणून. माझी आई शीला याच दुकानाच्या ओट्यावर पिको-फॉलचं मशीन चालवते. मी अकरावीला शहाद्याला जाते. दुपारी एस.टी.तून उतरले की घरी न जाता थेट गादीवर.

मला एक खोड आहे. कुणाचा आवाज कानात शिरला की तो तोंडातून बाहेर पडल्याशिवाय राहत नाही. कंडक्टर, आमचे रसायनशास्त्राचे सर, टेम्पोतून कांदे विकणारा, सगळे माझ्या घशात भाड्याने राहतात. पानीबाई तर मी इतक्या हुबेहूब करते, की एकदा मी आतून "शीला, चहा लेती का?" म्हटलं तर आई मशीन थांबवून उठून आली होती. पण छगनलाल शेठ मला कधी जमले नाहीत. नक्कल करायला माणूस बोलावा तर लागतो! शेठ दिवसभर पेपरमागे बसतात आणि गिऱ्हाईक आलं की कापडावर हात फिरवून तेवढंच म्हणतात, "छत्तीस पन्ना. रंग पक्का. जानार नही." पन्ना म्हणजे कापडाची रुंदी. एवढ्या तीन वाक्यांवर त्यांचा संसार झालेला.

संसाराचं बाकीचं बोलणं पानीबाई बोलायच्या, आणि त्यातलं निम्मं कोरियावर.

पहिलं भांडण कोटांवरून. श्रीमंत आई सापडायच्या आधीच्या भागांत सांगितलेलं, की हिरो अनाथाश्रमात वाढला, खिशात दमडी नाही. पानीबाईंनी चित्र थांबवायला लावलं आणि बोट काचेवर टेकवलं.

"हाऊ गरीब शे म्हनतस? याना कोट देख. प्युअर वूल शे, अस्तर सॅटिननं. काल करडा व्हता, आज काळा. असा कोट गरीब कोठून लयना?"

"काकीजी, हिरो आहे तो."

"हिरो व्हई, पन कापड खोटं बोलत नही."

दुसरं भांडण खाण्याचं. पानीबाई जैन, दिवस मावळला की पाणीसुद्धा घेत नाहीत, कांदा-बटाटा घरात येत नाही. आणि कोरियन माणूस रात्री खाल्ल्याशिवाय मनातलं बोलतच नाही! आनंद झाला, खातो. प्रेमभंग झाला, खातो. पडद्यावर मांसाची शेगडी दिसली किंवा ती दारूची हिरवी बाटली आली, की पानीबाई मोबाइल गादीवर पालथा घालायच्या. नजरेला दोष नको. कानाला चालतं. मग मी वाकून बघायचं आणि खाऊन झालं की सांगायचं. पण घोटाळा असा, की त्या लोकांचे सगळे महत्त्वाचे निर्णय तोंडात घास असतानाच होतात. लांबकोट्याने झिपरीला पहिल्यांदा 'तू मला आवडतेस' म्हटलं ते पानीबाईंनी पालथ्या मोबाइलमधून ऐकलं. मोबाइल सुलटा केला तेव्हा ती रडत होती.

"कशी रडनी? सांग, सांग."

मी झिपरी झाले. खालचा ओठ थरथरवला, डोळे मोठे केले, एक थेंब गालावर येईस्तोवर श्वास धरला. पानीबाई माझ्याकडे बघून रडल्या. ओट्यावरून आई म्हणाली, "व्हय, आठे बरोबर रडता येस. भांडा घासाले सांगं का मग दखाड रडीसन."

तिसरं ते पाण्याचं. हिरोची आई झिपरीला मोठ्या हॉटेलात बोलावते, माझ्या मुलाला सोड म्हणते, आणि पेल्यातलं पाणी तिच्या तोंडावर फेकते. मी म्हटलं आता पानीबाई चवताळणार. त्या चवताळल्याच.

"माय वं! गाळेल तरी व्हतं का ते पानी?"

मी आणि आई इतक्या हसलो, की समोरच्या मेडिकलवाल्या गोकुळने शटरखालून डोकं घालून विचारलं काय झालं. पानीबाईंना कळेना यात हसायचं काय. फेकलं ते फेकलं, पण न गाळलेल्या पाण्यात किती जीव असतात! त्या बाईला एक सोडून किती पापं लागली.

आता तुम्ही म्हणाल, इतकं वाईट तर बघतात कशाला? तर तसं नाही. पानीबाईंचा कोरियावर जीव होता. तिकडची माणसं घरात शिरताना चपला काढतात. मोठ्यांपुढे वाकतात. वस्तू द्यायची तर दोन्ही हातांनी. "असं कापड देवाले पाहिजे गिऱ्हाइकले," असं म्हणून त्यांनी ते सुरूही केलं. बावीस रुपयांचं अस्तर दोन्ही हातांवर ठेवून, किंचित वाकून द्यायच्या. खेड्यावरची एक आजी घाबरून परत गेली होती, पैसे जास्त लागले असतील म्हणून.

पण सगळ्यांत मोठा गुण वेगळा. "हिंदी सीरियल म्हनजे संपतच नही. मरेल मानूस परत येस, येस नि परत मरस. कोरियावाला कसा, मोजीसन फाडस. सोळा भाग. एक वीत जास्त नही, एक वीत कमी नही." त्यांनी बघितलेल्या झाडून सगळ्या सीरियल सोळा भागांत संपल्या होत्या. सोळा भागांचा तागा, असंच त्या म्हणायच्या. आणि या भरवशावरच सगळं उलटं झालं.

आषाढातल्या चौदसला शहाद्याच्या जैन स्थानकात महासतीजींच्या, म्हणजे साध्वींच्या, चातुर्मासाचा आरंभ होता. प्रवचनानंतर प्रभावनेचे लाडू वाटतात, म्हणून मीही पानीबाईंबरोबर गेले. चातुर्मासात प्रत्येकाने काहीतरी सोडायचा नियम घ्यायचा असतो. पानीबाई दरवर्षी भेंडी सोडतात. भेंडी त्यांना बाराही महिने आवडत नाही.

त्या दिवशी महासतीजी हसत हसत म्हणाल्या, "जो छोड़ने से ज़रा भी न दुखे, उसे छोड़ा क्या?"

म्हणताना त्यांनी कुणाकडे बघितलं नव्हतं. पण मला पानीबाईंच्या पाठीवरून कळलं, की भेंडी लागली. बायका एकेक उठू लागल्या. कुणी गोड सोडलं, कुणी दूध. मग पानीबाई उठल्या, हात जोडले आणि सगळ्या स्थानकाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, उद्याच्या सूर्योदयापासून कार्तिकी पुनवेपर्यंत मोबाइलवर नाटक बघणार नाही.

बायकांमध्ये लाट उठली. "पानीबाई? कोरियावाली?" महासतीजींनी पच्चक्खाण दिलं, म्हणजे नियम पक्का. आता तो फक्त त्या पुनवेलाच सुटणार. परत येताना जीपमध्ये त्यांचा चेहरा पेढ्यासारखा झाला होता. माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "आज सोळावा भाग शे. दुपारले दखी लिसूत, संपी जाई. नवी सुरूच कराची नही. दुखी पन नही, नि नाव बी व्हई."

मला त्यांचा फार अभिमान वाटला. भेंडीच होती, फक्त कोट घालून आली होती.

दुपारी शटर अर्धं खाली आलं. आईनेही मशीन बंद केलं. शेवटचा भाग म्हणजे लग्नाला आल्यासारखं वाटत होतं. लांबकोट्याने आईची कंपनी सोडली. झिपरी परगावी निघालेली, स्टेशनच्या रस्त्याने बॅग ओढत चाललेली. लांबकोट्याला पलीकडून ती दिसली. तो हाक मारतो. ती वळते. तो रस्त्यात उतरतो. आणि डावीकडून एक पांढरा ट्रक, दिवे लावून, थेट अंगावर.

चित्र थिजलं. गाणं लागलं. खाली पाटी आली, पुढचा भाग येत्या आठवड्यात.

पानीबाईंनी मोबाइल उचलला, हलवला, पुन्हा ताग्याला टेकवला.

"काजल. हाऊ सोळावा व्हता ना?"

"हो काकीजी."

"मंग पुढे काय?"

मी शोधलं. ही अठरा भागांची होती.

पानीबाई ज्या नजरेने माझ्याकडे बघत होत्या ती मी आजही करून दाखवू शकते, पण दाखवत नाही. म्हणाल्या, "अठरा? कोरियावालास्नी माप बदलं?" पेपरमागून शेठ खोकले. तो खोकला नव्हता, हसू होतं. पण शेठना कुणी हसताना पाहिलेलं नसल्यामुळे पुरावा नाही.

पुढच्या आठवड्यात दोन्ही भाग आले आणि पेठेत वेगळीच पंचाईत सुरू झाली. कारण पानीबाईंनी इतक्या बायकांना ही सीरियल सांगून सांगून लावली होती, की निम्म्या गिऱ्हाइकांना शेवट माहीत झाला. बायका ब्लाउज पीस घ्यायला यायच्या, पानीबाईंचं तोंड बघायच्या, आणि ओठ गच्च मिटून रंग बोटाने दाखवायच्या. निर्मलाबाई म्हणून आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या मदतनीस आहेत. त्यांना पोटात काही राहत नाही. त्या महिनाभर दुकानाकडे फिरकल्याच नाहीत, पलीकडच्या फुटपाथवरून पदर तोंडावर धरून जायच्या.

रूपलने सुरतहून फोनवर पळवाट काढली. "मम्मीजी, नियम बघायचा आहे ना, ऐकायचा कुठे आहे? काजल सांगेल."

मी तर तयारच होते. दोन्ही भाग मला आवाजांसकट पाठ होते. शिवाय कानाला दोष नाही हा कायदा पानीबाईंचा स्वतःचाच. मी आठवण करून दिली.

त्या कैचीला धार लावत होत्या. थांबल्या. "मांस आयकं तं पोटमा जात नही. गोष्ट आयकी का ती पोटमाच जास. ती खावानी वस्तूच कानथीन खातस." मग कैची परत घासायला लागल्या. "नही. काही सांगू नको."

मी तयार केलेले सगळे आवाज परत गिळले. मी, म्हणजे बघा.

पण भूक ती भूक. राखीच्या आधीची एक दुपार. गिऱ्हाईक नव्हतं, आई कुठेशी गेलेली. मी तासभर मांडी घालून गादीवर रसायनशास्त्र वाचत होते. पानीबाई ताग्यांची घडी घालत होत्या, मोडत होत्या, परत घालत होत्या. एकाएकी हळूच म्हणाल्या, "काजल. तोंडथीन एक शब्द नही. नुसतं चालीसन दखाड."

"काय चालून?"

"लांबकोट्या. अठराव्यामा चालस ना तो? का नही चालत? बस, तेवढंच."

मला मोह झाला. मी उठले, खांदे ताणले, हात नसलेल्या कोटाच्या खिशात घातले. आणि पाऊल टाकलं तर डावा पाय जागेवरच नाही! मांडी घालून घालून मेला होता. तो फरफटत मी दोन पावलं गेले.

"लंगडस!" पानीबाई ओरडल्या. "वाचना! वाचना, पन लंगडा व्हयना!" आणि लगेच दोन्ही हातांनी डोळे झाकले. "बस, बस! अरे राम, हाई तं दखनंच व्हई गयं!"

"काकीजी, माझ्या पायाला मुंग्या..."

"चूप! काही सांगू नको!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या दोन पावलांचं प्रायश्चित्त म्हणून उपवास केला. दिवसभर उकळलेलं पाणी. आणि माझी जीभ आवळलेली, कारण मुंग्या आल्या होत्या हे सांगितलं तरी ते सांगणंच झालं असतं. पुढे कित्येक दिवस त्या आपल्याच लंगड्या हिरोवर खूश होत्या. "लंगडा ऱ्हायना तरी चाली. झिपरी समायी लई. पाणीफेकीनं नाक तं खाले व्हयनं." मधूनच मनात शंका यायची आणि मग घड्या मोडायच्या. रात्री झोपेत 'ब्रेक मार' म्हणाल्या, असं शेठनी आईला सांगितलं. शेठनी! आपणहून! आई ते दिवसभर सांगत सुटली होती, ब्रेकचं नाही, शेठ बोलल्याचं.

आणि त्यानंतरच्याच रविवारी, पानीबाई प्रवचनाला शहाद्याला गेलेल्या असताना, पेपर खाली आला. शेठनी आधी रस्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ते सतरावं कोठे ऱ्हास?"

मला आधी वाटलं सतरा नंबरची शेड, म्हणजे रंग, विचारतायत. मग त्यांनी खिशातून स्वतःचा मोबाइल काढला, दोन्ही हातांनी धरून. मी लावून दिलं. शेठनी पेपर उघडला, त्यात मोबाइल ठेवला आणि दुपार गेली. एक गिऱ्हाईक पोपलिन मागत आलं. शेठ न बघताच "नही" म्हणाले. पोपलिनचा ढीग त्यांच्या कोपराखाली होता.

संपल्यावर त्यांनी चष्मा पुसला. मग मला म्हणाले, "शेठाणीले सांगजो नको."

मी सांगितलं नाही. पण गंमत अशी, की शेठना गप्प राहता येतं, लपवता येत नाही. पानीबाईंनी 'लंगडा' म्हटलं की शेठचा एक कान हलायचा. 'ट्रक' म्हटलं की ते पाणी प्यायला उठायचे. पानीबाई एवढ्या अठरा भागांच्या अंदाजात गुंतल्या होत्या, की घरातला हा भाग त्यांना दिसलाच नाही.

मग संवत्सरी आली. पर्युषणाचा शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे एकमेकांना हात जोडतात, वर्षभरात जाणता अजाणता दुखावलं असेल तर माफ करा म्हणतात. दुकान उघडलं तशी मी आणि आई, समोरचा गोकुळ, सगळे 'मिच्छामि दुक्कडम्' करायला गेलो. पानीबाई प्रत्येकाला हात जोडत होत्या. माझ्यापुढेही जोडले, आणि दोन पावलांबद्दल माफी मागितली. एवढ्यात शेठ गादीवरून उठले, पेपर बाजूला ठेवला, बायकोसमोर येऊन उभे राहिले.

"खमतखामणा सा," म्हणाले, म्हणजे माफ करा. दरवर्षी एवढंच म्हणतात, पानीबाई परत तेच म्हणतात आणि चहा होतो. पण या वेळी शेठ हललेच नाहीत. "थांसूं छानै एक काम करियो. म्हैं सतरावों देख लियो. अठरावों भी."

तुमच्यापासून लपवून बघितलं, असं ते सांगत होते.

पानीबाईंचे हात जोडलेलेच राहिले. त्या दिवशी रागावता येत नाही. माफ करायचंच असतं, तेही मनापासून. त्यांच्या चेहऱ्यावर आधी राग आला, तो त्यांनी गिळला. मग एक वेगळंच काही आलं. हा माणूस शेवट जाणतो! ज्याच्यासोबत त्या दिवसभर बसतात, जेवतात, त्याच्या पोटात तो आहे. त्यांचा ओठ हलला. मी, आई, गोकुळ, सगळे त्या ओठाकडे बघत होतो. एक प्रश्न विचारला असता तर शेठनी सांगून टाकलं असतं. आज ते काहीच नाकारणार नव्हते.

"खमतखामणा," पानीबाई म्हणाल्या. मग श्वास घेऊन, "पन आते थे मूंडो ढको."

तोंड झाका! तेव्हापासून शेठचा पेपर वर गेला तो दिवाळी येईपर्यंत खाली आला नाही. दिवाळीच्या गर्दीत तो पेपर कापड दाखवतानाही काखेत असायचा. लांबच्या पाड्यांवरून कापूस विकून आलेली गिऱ्हाइकं यायची, दुकानात पाय ठेवायला जागा नसायची, आणि अशात पानीबाई मधूनच शेठकडे नजर टाकायच्या, शेठ झटकन पेपर वर. नवीन लग्न झालेल्या जोडप्यासारखं चाललं होतं. आई म्हणाली, "इतला वरीसमा भाभीनी शेठकडे इतलं दखं नही व्हई."

कार्तिकी पुनव झाली. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला दांडी मारली. आईने मशीनवर कापड टाकलं. निर्मलाबाई पदर सोडून हजर. शटर अर्धं खाली, रुबियाचा तागा, मीटर आडवा. आणि शेठ पहिल्यांदाच गादीच्या आपल्या टोकावरून सरकून मधे आले. पेपरसकट.

सतरावा लागला. ट्रक आला, आणि कर्रर्र करून लांबकोट्याच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हर खाली उतरला, तर तो झिपरीचा लहानपणी हरवलेला बाप!

"ट्रकवाला बाप निंघना!" पानीबाईंनी माझ्या मांडीवर चापट मारली. लांबकोट्या धावत गेला, जिना चढला, पूल ओलांडला. त्या बघत राहिल्या. मग हळूच मान माझ्याकडे वळवली. "हाऊ तं लंगडत नही."

"काकीजी, तेव्हा पायाला मुंग्या आल्या होत्या."

"मी मुंग्यास्ना उपास करा?"

त्या इतक्या हसल्या, की अठरावा सुरू करायला वेळ लागला.

अठरावा शेवटाकडे आला. थंडीची रात्र, रस्त्याच्या कडेला ताडपत्रीची टपरी, आत वाफ. लांबकोट्या एकटा बसलेला. टपरीवालीने शेगडी पुढ्यात ठेवली, त्यावर काय काय टाकलं. शेजारी हिरवी बाटली. आणि ताडपत्री बाजूला सरकली, बाहेर झिपरीचे बूट.

पानीबाईंचा हात मोबाइलकडे गेला.

"भाभी!" आई जवळजवळ ओरडली. "आजना दिन ऱ्हाऊ द्या! चार महिना वाट देखी तुम्हीन!"

"चार महिना पाळं," पानीबाई म्हणाल्या. "आते चार मिनिटसाठे सोडू?" आणि मोबाइल गादीवर पालथा घातला.

आम्ही कान दिले. आतून फक्त पियानो. नुसता पियानो. ते दोघं एक अक्षर बोलेनात. निर्मलाबाईंनी तोंडात पदर कोंबला. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, मी ओठ ओले केले, खांदे ताणले. तेवढ्यात पेपरची घडी पडल्याचा आवाज आला.

"ती अंदर येस," शेठ म्हणाले.

त्या आवाजात ना चढ ना उतार. पानीबाईंनी मान वळवली. "थे मांस भी देख्यो?"

"चष्मो उतार लियो हो." मग परत समोर भिंतीकडे बघत, कापडावर हात फिरवावा तसा गादीवर हात फिरवत, "तो उभा ऱ्हास. कोट काढस. तिले घालस."

"कोनता?"

"लांब. वूल. अस्तर सॅटिननं."

"मंग?"

"मंग ती बठस. तो बठस."

"बोलतस का नही?"

"नही."

पानीबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "लगन? लगन व्हस का नही त्यास्नं?"

शेठ विचारात पडले. गिऱ्हाइकाने अवघड मापाचं काही मागितलं की पडतात तसे. पियानो संपत आला होता.

"ते दखाडत नही," ते म्हणाले. "पन रंग पक्का. जानार नही."

पानीबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि तो बराच वेळ तिथेच राहिला. आईने शेवटी मशीनवरचं कापड काढलं आणि पाय मारला. मी मात्र तोंडातल्या तोंडात म्हणून बघत होते. ना चढ ना उतार, समोर भिंत, हात गादीवर. जमलं! इतक्या वर्षांनी शेठ जमले.

शटर वर करताना पानीबाई म्हणाल्या, "काजल, नवी कोनती लागनी ते देख. पन आधी भाग मोज."

मी मोबाइल उचलायच्या आत पेपरमागून आवाज आला.

"बारा शेतस. पहिला तीन चांगला शेतस."